पवार, पावरा आणि होळीनंतरचा पेपर

नाशिकच्या एका कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र शिकवतो. २०२२-२३ या वर्षी जोडीला विद्यार्थी विकास अधिकारी हे पदही माझ्याकडे होतं. नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात कमवा-शिकाचे तास मोजायचे, शिबिरांचे अहवाल लिहायचे आणि ज्याचं काम कुणाच्याच टेबलावर बसत नाही त्याला समोर खुर्ची द्यायची, एवढंच. हे प्रकरण त्या वर्षीच्या मार्चमधलं. कॉलेजचं आणि मुलांची नावं मी देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत.

आमच्या एफ.वाय.बी.एस्सी.च्या तुकडीत नऊ मुलं सातपुड्यातली होती. धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली. सात मुलगे, दोन मुली. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी आहेत, त्यामुळे ही मुलं घरी असताना कुणाच्याही नजरेत वेगळी नसतात. नाशिकला आली की ती 'आदिवासी मुलं' होतात. शेवटच्या दोन बाकांवर एकत्र बसणारी, काहीही विचारलं तरी 'हो सर' म्हणणारी. त्यांचं 'हो सर' म्हणजे 'कळलं' असतं असं मी सहा महिने समजत होतो.

ज्या मुलाभोवती हे सगळं घडलं त्याला मी इथे सत्तेचाळीस म्हणतो. तो त्याचा हजेरी क्रमांक. वर्गातही मी त्याला तसाच ओळखत होतो, कारण तुकडीत पावरा आडनावाची पाच मुलं होती आणि कोणता पावरा कोणता, हे मला फेब्रुवारीपर्यंत नीट सांगता आलं नसतं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण प्रकरणाचा निम्मा गुंता याच एका गोष्टीत आहे.

काय घडलं

त्या वर्षी होळी ६ मार्चला, सोमवारी होती. मंगळवारी धुळवडीची सुट्टी. परीक्षा समितीने अंतर्गत चाचण्या गुरुवार ९ तारखेपासून लावल्या. कॅलेंडरकडे पाहणाऱ्या कुणालाही ते रास्तच वाटलं असतं. सुट्टी संपून मध्ये एक अख्खा दिवस हातात होता. आमच्या विद्यापीठात पन्नास गुणांच्या पेपरला पंधरा गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. चाचणी बुडाली की ते पंधरा गेले.

९ तारखेला नऊच्या नऊ मुलं गैरहजर. सत्तेचाळीस तर २७ फेब्रुवारीपासूनच दिसला नव्हता, म्हणजे त्याची दोन प्रॅक्टिकल्सही गेली होती. रसायनशास्त्राच्या विभागाने डिफॉल्टर यादी लावली, त्यात नऊही नावं. खाली नेहमीचं वाक्य : पालकांना घेऊन भेटावे, अन्यथा टर्म ग्रँट होणार नाही. म्हणजे सत्र भरलं असं धरणार नाहीत आणि परीक्षेला बसता येणार नाही.

१५ मार्चपर्यंत सहा जण परतले. तिघं आले नाहीत. एक पोलीस भरतीच्या मागे होता. त्या वर्षी मोठी भरती निघाली होती आणि त्याने मनाशी हिशोब केला होता, त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. उरले दोघं. सत्तेचाळीस आणि एक मुलगी, तीही पावराच.

फोन लागत नव्हते. परतलेल्या सहांना विचारलं तर उत्तर एकच, 'येईल सर.' शेवटी टी.वाय.च्या एका मुलाला गाठलं. तोही धडगावकडचाच, पावरीच बोलणारा. ही सगळी लहान मुलं त्याला दादा म्हणत, म्हणून मीही इथे तसंच म्हणतो. दादा दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "सर, त्याचं नाव कमी झालंय असं त्याला कुणीतरी सांगितलंय. आणि तसंही त्याचं स्वयम् आलं नाही. मेसवाल्याचे पैसे थकलेत. तो नाही येणार."

स्वयम् म्हणजे पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. बारावीनंतर शिकणाऱ्या ज्या आदिवासी मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना आदिवासी विकास विभाग २०१६-१७ पासून जेवण, राहणं आणि किरकोळ खर्चासाठी थेट बँकेत पैसे देतो. नाशिकसारख्या शहरासाठी तो आकडा वर्षाला ५१,००० रुपये होता : २८,००० जेवणाचे, १५,००० राहण्याचे, ८,००० निर्वाहाचे. योजना चांगलीच आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण पैसे हप्त्यांनी येतात, आणि घरमालक व मेसवाला महिन्याच्या महिन्याला येतात. मधल्या काळात मुलं काय करतात हे आमच्या एकाही फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. सत्तेचाळीस पेठ रोडच्या एका खोलीत पाच जणांत राहायचा आणि जानेवारीपासून एक वेळ जेवायचा. मी त्याला 'मागे बसून झोपतोस काय' म्हणून एकदा उठवलं होतं. तेव्हाही तो 'हो सर'च म्हणाला होता.

एक काना

पैसे का आले नाहीत याचा शोध घ्यायला मी ऑफिसात गेलो, तर १४ मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप. ऑफिसला आठवडाभर कुलूप. २१ तारखेला फाईल हाती आली.

आमची हजेरीची यादी इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने लागते. त्या क्रमात आधी सगळे पवार येतात आणि लगेच त्यांच्या खाली पावरा. प्रवेशाच्या गर्दीत कुणीतरी सत्तेचाळीसच्या आडनावाची 'टायपिंग मिस्टेक' दुरुस्त करून टाकली होती. पावराचा पवार. नाशिक जिल्ह्यात पवार गल्लोगल्ली आहेत. पावरा हे आडनाव टंकणाऱ्याने कदाचित आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल. त्यात द्वेष नव्हता, दुष्टपणा नव्हता. उलट चूक सुधारल्याचं समाधानच असणार.

तिथून पुढे सगळं आपोआप घडत गेलं. प्रवेशाच्या नोंदीवरून बोनाफाईड निघालं, त्यावर पवार. आधारवर, जातीच्या दाखल्यावर आणि आश्रमशाळेच्या टीसीवर पावरा. स्वयम्‌चा अर्ज 'नावात तफावत' या शेऱ्याने परत आला. मुलाने तो शेरा मोबाईलवर पाहिला आणि 'नामंजूर' असा अर्थ लावून गप्प बसला.

हे प्रकरण फक्त त्या वर्षीच्या पैशांपुरतंही नव्हतं. पावरा हे आडनाव आहे तसंच ते जमातीचं नाव आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल गटाच्या नोंदीत ते स्वतंत्र छापलेलं आहे. उद्या आमच्या कॉलेजचा 'पवार' असा दाखला घेऊन हा मुलगा जात पडताळणी समितीसमोर उभा राहिला असता, तर एक काना इकडचा तिकडे झाल्यामुळे त्याला आपण कोण आहोत हे पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करत बसावं लागलं असतं. समितीपुढे कागद कमी पडले की आप्तभाव पाहतात. म्हणजे विचारतात : तुमच्या जमातीत लग्न कसं लागतं, देव कोणते, सण कोणते, होळीला काय करता? याच महिन्यात, २४ मार्च २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्राच्याच एका प्रकरणात सांगितलं की ही आप्तभाव चाचणी म्हणजे प्रत्येक वेळी लावायची अंतिम कसोटी नव्हे. चांगला निकाल आहे. पण मला त्यात वेगळंच दिसत राहिलं. सरकारची एक खिडकी या मुलाला विचारणार, 'होळी कशी करतोस ते सांग, नाहीतर तू आदिवासी नाहीस.' आणि आमच्या कॉलेजची खिडकी विचारत होती, 'होळीला गेलासच का?'

धडगाव

२५ मार्चच्या शनिवारी मी आणि दादा निघालो. रात्रीची एसटी, पहाटे शहादा, तिथून घाटाने धडगाव, पुढे क्रूझर. क्रूझरमध्ये माणसं आत जितकी तितकीच मागे लटकलेली. शेवटचा अर्धा तास पायी. तीन वर्षं या भागातली मुलं शिकवूनही त्यांना कॉलेजला यायला किती वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं, आणि आमच्या परीक्षा समितीने तर त्यांना होळी करून परत यायला दीड दिवस दिला होता.

घराच्या ओट्यावर मोहाची फुलं वाळत घातली होती. अवकाळीने बरीच फुलं काळी पडली होती आणि त्याची आई चांगली-वाईट निवडत बसली होती. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे हातातलं सूप खाली ठेवून पोराला हाक मारली. तिच्या आवाजात भीती होती. आश्रमशाळेपासूनचा तिचा अनुभव असाच असणार. मास्तर घरी येतो तो तक्रार घेऊनच.

वडिलांनी खाट पुढे केली. बोलणं पावरीत, मध्ये दादा. पहिला प्रश्न त्यांनीच केला : "याने काय केलं?" काही केलं नाही, पण महिना झाला आला नाही, असं मी सांगितलं. त्यावर ते बराच वेळ दादाशी बोलले. दादाने थोडक्यात सांगितलं ते असं.

पोरगा बारावी पास होऊन शहरात शिकायला गेला तर त्याला बुध्या करीन, असा आईने नवस केला होता. ते यंदा करायचं होतं. बुध्या व्हायचं म्हणजे पालनी पाळायची. होळीच्या आधीपासून खाटेवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं, अंघोळ करायची नाही, ब्रह्मचर्य पाळायचं. मग अंगावर राखेची नक्षी काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून रात्रभर नाचायचं. गावोगावच्या होळ्याही एकाच रात्री नसतात, त्या पुढेमागे होतात. तिकडे काठी गावच्या राजवाडी होळीला तर पहाट होते तेव्हा होळी पेटते. आणि होळीच्या आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजारांचा. मजुरीला गुजरातेत गेलेली माणसंसुद्धा त्यासाठी परततात. आमच्या कॅलेंडरवर या सगळ्याला एक लाल चौकोन होता.

थोडक्यात, ज्या मुलाला आम्ही शिक्षणाकडे दुर्लक्ष केलं म्हणून डिफॉल्टर यादीत टाकलं होतं, तो शिक्षणासाठी केलेला नवस फेडायला गेला होता.

मला आमचं फेब्रुवारीतलं स्नेहसंमेलन आठवलं. 'आदिवासी नृत्य' या सदरात हीच मुलं नाचली होती. टोप भाड्याने आणला होता. टाळ्या भरपूर पडल्या. तो फोटो कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईलमध्ये सांस्कृतिक विविधतेच्या पानावर लावला गेला, लावला मीच. ओट्यावर बसल्या बसल्या दादाला म्हटलं, तुम्ही तेव्हा छान नाचला होतात. तो थोडा थांबला. "सर, पालनी न करता तो टोप घालायचा नसतो आमच्यात. मॅडमनी सांगितलं म्हणून घातला. याला तर नकोच होता." मी काय बोलणार? सत्तेचाळीस खाली मान घालून फुलं निवडत होता.

जेवायला मक्याची भाकर आणि उडदाची डाळ होती. वडिलांनी शेवटी एक प्रश्न विचारला, तो मी पुढे स्टाफ मीटिंगमध्ये जसाच्या तसा सांगितला : "तुमची सुट्टी एक दिवसाची. एका दिवसात नाशिकहून इथे येऊन परत जाता येतं का? तुम्हीच आज आलात, सांगा."

नाव कमी झालेलं नाही, चाचणी पुन्हा घेऊ, बोनाफाईड दुरुस्त झालंय, हे मी सांगितलं. बोनाफाईड सोबत नेलं होतं. त्याने ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा आडनावावर बोट ठेवलं. सोमवारी तो आमच्याबरोबर परत आला. मेसवाल्याची थकबाकी आम्ही तिघा प्राध्यापकांनी मिळून उसनी भागवली. स्वयम्‌चा हप्ता जूनमध्ये जमा झाला तेव्हा त्याने आमचे पैसे एकरकमी आणून दिले, आणि मी नको म्हटल्यावर त्याला राग आला. पहिल्यांदाच तो 'हो सर' म्हणाला नाही.

कॉलेजने काय केलं, काय फसलं

आमच्याकडे सेवा नव्हत्या असं कुणी म्हणू शकणार नाही. समुपदेशन कक्ष होता. समान संधी कक्ष होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांपासून तो असावाच लागतो. इंग्रजीचे रेमेडियल वर्ग होते. समुपदेशन कक्षाचं रजिस्टर मी काढून पाहिलं. त्या वर्षात सातपुड्यातल्या एकाही मुलाची नोंद नव्हती. कक्ष प्राचार्यांच्या केबिनसमोर आहे. तिथे जायचं तर शिपायाला कारण सांगावं लागतं. ज्या मुलाने उपाशी असल्याचं खोलीतल्या मित्रांनाही सांगितलं नाही, तो ते शिपायाला सांगणार होता का?

पुनर्परीक्षेचा विषय एप्रिलच्या स्टाफ मीटिंगमध्ये निघाला. अपेक्षित तेच झालं. एक सर म्हणाले, आज होळी, उद्या भोंगऱ्या, परवा लग्नसराई, मग शिकायचं कधी? दुसरे म्हणाले, मग कोकणातल्यांना गणपतीची सुट्टी द्यायची का? त्यांना कुणीतरी आठवण करून दिली की मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांना गणपतीची सुट्टी असतेच. हशा पिकला, पण मुद्दा काही पुढे सरकला नाही. सरकला तो एका कोरड्या कलमावर. एनसीसीच्या शिबिराला, क्रीडास्पर्धेला किंवा विद्यापीठाच्या कार्यक्रमाला गेलेल्या मुलांची अंतर्गत चाचणी आम्ही वर्षानुवर्षं नंतर घेतो. त्यासाठी दुसरी तारीख, दुसरा पेपर, सगळी व्यवस्था आहे. मी एवढंच म्हटलं की त्याच दुसऱ्या तारखेला यांनाही बसू द्या, आणि पुढच्या वर्षीपासून ती तारीख होळीनंतर दहा दिवसांनी ठेवा. नवीन काही करायचं नाही म्हटल्यावर विरोध मावळला. मला वाटतं संस्कृतीचं महत्त्व सांगत बसलो असतो तर हरलोच असतो.

दुसरा बदल प्रवेशाच्या खिडकीवर झाला. टंकलेलं नाव आता विद्यार्थ्याला पडद्यावर दाखवतात आणि जातीचा दाखला शेजारी ठेवून त्यालाच मोठ्याने वाचायला लावतात. वेळ एक मिनिट. पहिल्याच जुलैत पाच नावं चुकीची सापडली, त्यातली दोन आदिवासी नसलेल्या मुलांची. हेड क्लार्कना हा उद्योग आधी अपमान वाटला होता. नंतर त्यांनीच ज्युनिअर कॉलेजलाही लावून दिला.

दादाची नेमणूक कमवा-शिका योजनेतून झाली. काम : आठवड्यातून तीन दिवस दुपारी लायब्ररीबाहेरच्या कट्ट्यावर बसायचं. टेबल नाही, पाटी नाही. स्वयम्‌चा अर्ज, शिष्यवृत्ती, खोली, मेस, जर्नल, काहीही. बोलायचं पावरीत, नाहीतर ज्याला जे येतं त्यात. याचा उपयोग मी कल्पना केली होती त्याहून निराळा झाला. मुलं अर्जासाठी कमी आणि वर्गात काय चाललंय ते विचारायला जास्त यायची. घरी पावरी, आश्रमशाळेत मराठी आणि आमच्याकडे एकदम इंग्रजीतून मायटॉसिस, म्हणजे पेशीविभाजन. मधल्या पायऱ्या कुणी बांधल्याच नव्हत्या. दादा रेमेडियल घेत नव्हता, फक्त 'सर काय म्हणाले' ते पावरीत सांगायचा. पुढच्या सहामाहीत मागच्या बाकांवरून मला पहिले प्रश्न आले.

माझ्या विषयात मी एक प्रयोग केला, तो अर्धा जमला. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून कागदावर लावलेल्या वनस्पतींच्या, लेबलवर शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण यांच्या खाली 'घरच्या भाषेतलं नाव आणि उपयोग' अशी एक ओळ वाढवली. सत्तेचाळीसने बावीस वनस्पती आणल्या आणि एकाही लेबलची ओळ रिकामी ठेवली नाही. शहरातल्या मुलांच्या त्या ओळी कोऱ्या होत्या, किंवा 'आजीला विचारून लिहितो' असं लिहिलेलं. या गोष्टीवर खूश होऊन मी जरा जास्तच बोलत सुटलो, की ही मुलं म्हणजे जन्मजात वनस्पतीशास्त्रज्ञ वगैरे. परीक्षेत त्याला वर्गीकरणात पन्नासपैकी एकवीस पडले. मोह ओळखता येणं आणि मोहाच्या फुलाची रचना चिन्हांत मांडणारं पुष्पसूत्र लिहिता येणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकवणं हे माझं काम होतं. कौतुक करण्यात मी ते काम टाळलं होतं.

बाकी जे फसलं ते झटपट सांगतो. पालक मेळावा शनिवारी नाशिकला ठेवला, एकही पालक आला नाही. एका अधिकाऱ्यांचं 'उज्ज्वल भवितव्य' या विषयावर व्याख्यान झालं, मुलं टाळ्या वाजवून गेली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्यावर आठवड्याभरात फक्त गुड मॉर्निंग उरलं. पालक सभा नंतर धडगावला आठवडी बाजाराच्या दिवशी घेतली. बावीस माणसं आली, त्यातली काही बाजार अर्धवट सोडून. त्यांनी शिक्षणाबद्दल काही विचारलं नाही. मुलींच्या खोलीजवळ दारूचं दुकान आहे का, हे मात्र तिघांनी विचारलं.

अमेरिकेत कॉलेज सोडणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्यांनी बराच काळ असं धरलं होतं की टिकायचं तर मुलाने घरापासून थोडं तुटून कॉलेजच्या जगात मिसळावं. तिथल्या मूळ रहिवाशांतल्या अभ्यासकांनी हे उलटवलं. त्यांचं म्हणणं, आमची मुलं तुटली की गळतात. घर सोबत असलं की टिकतात. नवाहो लोकांनी तर १९६८ साली स्वतःचंच कॉलेज काढलं, तिथल्या आदिवासी जमातीने चालवलेलं ते पहिलं. आज ते अ‍ॅरिझोनातल्या त्सेलीला आहे, डिने कॉलेज या नावाने. तिथे नवाहो भाषा, इतिहास आणि जगाकडे पाहण्याची रीत हा अभ्यासक्रमाचा पाया आहे. आपल्याकडे धडगावच्या मुलाला तसा पर्याय नाही. त्याला आमच्यासारख्याच कॉलेजात यायचं आहे, म्हणून आमच्यासारख्यांनी निदान होळी कधी असते ते पाहून वेळापत्रक लावावं, इतकीच माझी मागणी राहिली. देशपातळीवर २०२१-२२ मध्ये उच्च शिक्षणातलं एकूण नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं आणि अनुसूचित जमातींचं २१.२. ही तफावत दाखले, हप्ते आणि तारखांतूनच घडत असणार असं मला आता वाटतं, पण ते माझं एका प्रकरणावरचं मत आहे.

९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, सांस्कृतिक समितीने पुन्हा नृत्य मागितलं. या वेळी मुलांनी दादामार्फत नाही म्हणून कळवलं. त्याऐवजी त्यांनी सभागृहात दिवसभर स्वयम् आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून दिले, शेजारच्या दोन कॉलेजांतली मुलंही आली. समितीच्या मॅडम नाराज झाल्या. फोटोत नुसते लॅपटॉप दिसत होते. रात्री पेठ रोडच्या खोल्यांमागच्या मोकळ्या जागेत ढोल वाजत होता असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मला बोलावलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

सत्तेचाळीस पहिल्या वर्षी दोन विषय राहून पुढे गेला, दुसऱ्या वर्षी एक राहिला. २०२४ च्या होळीला तो पुन्हा बुध्या झाला, नवस पाच वर्षांचा आहे. दहा दिवसांनी परत येऊन दुसऱ्या तारखेच्या चाचणीला बसला. गुण बेताचेच.

राहिली ती मुलगी. मार्चच्या त्या रविवारी परतीच्या वाटेवर दादाने समोरच्या डोंगरापलीकडे बोट दाखवलं होतं : तिचा पाडा तिकडे, दोन तास चालायला. आमची एसटी संध्याकाळची होती. शिवाय दोन पुरुषांनी अचानक तिच्या घरी जाऊन काय बोलायचं, हाही प्रश्न होता. आमच्या विभागातल्या मॅडमना सोबत चला म्हणून विचारलं असतं तर त्या आल्या असत्या. मी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच पावरा होता. पुढच्या वेळी जाऊ म्हणून आम्ही उतरलो.

जुलैत तिचा काका ऑफिसात येऊन टीसी घेऊन गेला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं होतं. नावं तपासायची नवी पद्धत नुकतीच सुरू झाली होती, म्हणून क्लार्कने दाखला हातात देण्याआधी काकांना वाचून दाखवला. आडनाव बरोबर होतं.